आबारावांच्या राखणीतल्या पाणपिसवा

भोकरदनकडच्या एका वाडीतल्या आबारावांनी चाळीस वर्षं लोकांची मेंढरं राखली आणि परत देताना एकही कमी भरू दिलं नाही. लांडग्यानं एखादं नेलंच, तर घरच्यातलं घालून आकडा बराबर करायचे. या इभ्रतीपायी घरचा कळप संपला, पण माणूस सुधारला नाही.

मग जालन्याच्या एका कॉलेजातल्या अरुंधती मॅडम आल्या. वाडीच्या तळ्यात नाल्याची घाण येते, शेतातला युरिया वाहून येतो, त्यामुळे पाणी बाराही महिने हिरवंगार. त्यातले बारीक जीव ऋतूप्रमाणे कसे वाढतात-घटतात, हे मॅडमना मोजायचं होतं. दर महिन्याला बारीक जाळीतून पाणी गाळून बाटली भरायचं काम आबारावांना मिळालं. मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून त्यातलाच एक जीव, पाणपिसू दाखवली; तिच्या पारदर्शक पोटातली अंडी पाहून आबाराव ओरडले, "आवं, ही तर गाभण हाय!"

झालं. तळं त्यांच्या राखणीत आलं.

मे महिन्यात मॅडमनी फोनवर सांगितलं, "काका, लिटरमागे आठशे." आबारावांनी ते पारावर चारचौघांना ऐकवलं. पाऊस झाल्यावर जुलैत आकडा आला नव्वद. त्या दिवशी त्यांना भाकर गोड लागेना.

"किडेच हायेत ते," बायको साखराबाई वैतागून म्हणाली.

"राखणीला दिलेत मला!"

ऑगस्टात आबारावांनी गुपचूप स्वतःच्या विहिरीत सात वेळा जाळी फिरवली आणि तळ्याच्या बाटलीत भर घातली.

आठवड्यानं मॅडम धावतच आल्या. "काका, घाण पाण्यात न टिकणारा जीव सापडलाय! तळं सुधारतंय! मी लेख लिहायला घेतलाय."

आबाराव गप्प बसले असते तर नाव झालं असतं. पण मॅडमचं हरखलेलं तोंड पाहून त्यांना राहवेना.

"मॅडम, ते माझ्या हिरीतले हायेत. म्याच घातले. कमी भरून राह्यले व्हते."

मॅडम मटकन बाजेवर बसल्या. रागानं लाल झाल्या, मग हसू फुटलं. "अहो, पावसाचं पाणी आलं की विरळ होणारच. कमी तर कमी, मला तेच लिहायचंय!"

नोंदवहीतलं ऑगस्टचं पान त्यांनी फाडलं. दोघं तळ्यावर गेले, नवी बाटली भरली. मॅडमनी सोबतच्या सूक्ष्मदर्शकाखाली तिथंच मोजलं. बासष्ट.

"राखणदाराला बोल न्हाई ना?"

"बिलकुल नाही, काका."

आबारावांनी पुन्हा तेच विचारलं. मॅडमनी पुन्हा तेच सांगितलं. तेव्हा कुठं त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "मंग लिहा बासष्ट."