गरुडाच्या पिल्लाला बांधलेला काळा दोरा

मंडळी, दुपारपासून लिहायचं टाळतोय. मध्ये बोरंही खाऊन आलो.

सकाळी आमच्या पक्षी-अभ्यासक साहेबांनी गोदाकाठच्या आंब्यावर चढून गरुडाच्या पिल्लाच्या पायात खुणेचं कडं घातलं. ते गेल्यावर मी चढलो. एवढं गोजिरं लेकरू, दृष्ट लागेल म्हणून पायात काळा दोरा बांधला.

तोच दोरा काटकीत अडकला आणि पिल्लू घरट्याबाहेर उलटं लोंबकळलं. नावाडी कासमचाचांनी चढून सोडवलं.

"येड्या, दृष्ट तुझीच लागली त्याला!"

पिल्लाचा पाय सुजलाय. आई नुसती वर घिरट्या घालतेय, खाली उतरत नाही. उपाशी पिल्लू रात्र काढेल का? माया करताना तुमचा हात कधी असा चुकलाय?

थांबा, चाचा ओरडतायत, "अरे, बाप आला बघ! मासा घेऊन!"