बा म्हणजे ये

उमाकांतरावांना फेब्रुवारीत पक्षाघाताचा झटका आला. उजवा पाय ओढत का होईना चालू लागला, पण वाचा गेली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा तोंडून एकच शब्द निघायचा. "बा."

अलकाताईंना वाटलं, वडिलांची आठवण येतेय. साताऱ्याकडच्या त्यांच्या घरात वडिलांना सगळे बाच म्हणत. त्यांनी कपाटावरचा सासऱ्यांचा फोटो काढला, पुसला, पलंगासमोर ठेवला. उमाकांतराव फोटो बघून आणखी चिडायचे. "बा! बा!" अलकाताई फोटो अजून जवळ सरकवायच्या.

असे तीन महिने गेले. जूनमध्ये वॉचमन सिद्दप्पा भाजीची पिशवी द्यायला दारात आला. आतून हाक आली.

"अम्मा, साहब बुला रहे हैं," सिद्दप्पा म्हणाला.

"नाही रे, वडिलांना हाक मारतात."

"नहीं अम्मा. आपको. कन्नड में बा मतलब आओ."

अलकाताई पिशवी धरून तशाच उभ्या राहिल्या. एकेचाळीस वर्षं बंगळूरमध्ये काढली. बनशंकरीतले दुकानदार त्यांना मानाने 'बन्नी', म्हणजे 'या', म्हणत. नुसतं 'बा' आजवर कोणी म्हणालंच नव्हतं. आणि नवरा तीन महिने हाका मारत होता, नि त्या त्याला फोटो दाखवत होत्या.

सिद्दप्पा दारातूनच कानडीत काहीतरी बोलला. उमाकांतरावांनी अडखळत तीन शब्द परत दिले. तीन!

त्यांची छत्तीस वर्षं सरकारी कारखान्यात गेली होती. घरी मराठी, मशीनवरच्या माणसांशी कानडी. झटक्याने घरचं नेलं, कारखान्यातलं थोडं मागे ठेवलं. डॉक्टर म्हणाले होते, पहिल्या सहा महिन्यांत जेवढं बोलणं परत येईल तेवढंच खरं. बोलायला शिकवणारी मुलगी लॉकडाऊनमुळे मार्चपासून येत नव्हती. फोनवर ती हिंदीत 'सेब, केला' म्हणवून घ्यायची. हे तोंड फिरवायचे. आता जेमतेम दोन महिने उरले होते. कानडी घरात नव्हती. रस्त्यावर होती.

रस्ता एव्हाना उघडला होता. सोसायटी उघडली नव्हती. सरकारने पासष्टीच्या पुढच्यांना घरी राहण्याचा सल्ला दिला होता, सोसायटीने त्याचा कायदा केला. उमाकांतराव सत्तरीचे. अलकाताई चौसष्टच्या, म्हणजे एका वर्षाने बचावलेल्या. त्यांनी नवऱ्याला मास्क बांधला, काठी हातात दिली आणि लिफ्टला न शिवता तीन मजले उतरवले. वीस मिनिटं लागली. गेटवरच्या वहीत 'कारण' असा रकाना होता. लोक तिथे 'औषध' लिहीत. अलकाताईंनी लिहिलं, 'ट्रिप'.

मे महिन्यात दोघांचं राजस्थानचं बुकिंग होतं. ते बारगळलं होतं. मग हीच ट्रिप.

पहिल्या दिवशी दुसऱ्या क्रॉसपर्यंत, म्हणजे दुसऱ्या आडव्या गल्लीपर्यंत. तिथे फुलवाली लक्ष्मक्का बसायची. दोन दिवसांनी चौथा क्रॉस, चांभार. पुढच्या आठवड्यात थेट बस डेपोच्या भिंतीपर्यंत. तिथे रिकामे ड्रायव्हर सावलीत बसलेले असत. सहा फुटांवरून गप्पा. कोणाच्या तरी मेव्हण्याने त्याच कारखान्यात काम केलेलं निघालं. "अण्णा, कोणत्या शॉपमध्ये होतात?" उमाकांतरावांना आपल्या खात्याचं नाव आठवायला पाच मिनिटं लागली. ड्रायव्हर पाच मिनिटं थांबले. घाई कुणाला होती?

अलकाताई बाजूला उभ्या राहून बघत. या गल्ल्या त्यांनी पिशवी घेऊन हजारदा तुडवल्या होत्या, माणसं बघितली नव्हती. नवराही असा बघितला नव्हता. एकदा लक्ष्मक्काने विचारलं, ही हेंड्ती, म्हणजे बायको का? हे म्हणाले, "हेंड्ती अल्ल. हेडमास्टरु." लक्ष्मक्का मास्क धरून हसत सुटली. अलकाताईंना त्यातलं हेडमास्टर तेवढं कळलं आणि ते पुरलं.

"एकेचाळीस वर्षं घरात तोंडाला कुलूप," त्या म्हणाल्या, "आणि इथे विनोद?"

मुलाचा, अवधूतचा, रोज फोन. "आई, बाबांना काही झालं म्हणजे?"

"झालंय, अवधूत. व्हायचं ते होऊन गेलंय. आता परत काय येतंय ते बघू दे."

जुलैच्या पहिल्या आठवड्यात बी-विंगमध्ये एक जण पॉझिटिव्ह निघाला. सकाळी दोघं खाली आले तर गेटला कुलूप. शेजारी सोसायटीचे अध्यक्ष विश्वासराव. नागपूरचे, चाळिशीचे, महादेवपुऱ्यातल्या आयटी कंपनीत मॅनेजर. हातात वही.

"काकू, हे काय? ट्रिप, ट्रिप, ट्रिप! सतरा वेळा!"

"अठरा. एकदा पेन चालत नव्हतं."

"गंमत नाहीये. सिक्स्टी-फाइव्ह प्लस अलाउड नाहीत. ग्रुपवर टाकलंय ना मी?"

"वाचलं. लाल अक्षरांत होतं."

"माझी आई ऐंशीची आहे, काकू." विश्वासरावांचा आवाज खाली आला. "रात्र-रात्र झोप नाही मला."

अलकाताईंना कळलं, हे खोटं नव्हतं.

"तिला जप," त्या म्हणाल्या. "आम्ही लिफ्ट वापरत नाही. कठड्याला हात लागतो तो मी पुसून घेते. तुझ्या मजल्यावर आम्ही येत नाही. अजून काय हवं ते सांग, करते. पण यांचे पाच आठवडे उरलेत. ते मी घरात बसून घालवणार नाही."

"मी अवधूतला फोन करतो."

"कर. नंबर आहे ना?"

सिद्दप्पा किल्ली मुठीत धरून जमिनीकडे बघत होता. तेवढ्यात काठी लोखंडावर आपटली. उमाकांतराव गेटला भिडले होते. ओठ हलत होते.

"गेटु तेगी, सिद्दप्पा," ते म्हणाले. मग दम घेतला. "होग्बर्तीनि."

पाच महिन्यांत इतकं सलग ते पहिल्यांदा बोलले होते. तेही भांडायला.

"काय म्हणाले?" विश्वासरावांनी सिद्दप्पाला विचारलं.

उत्तर अलकाताईंनी दिलं. "गेट उघड. जाऊन येतो." त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "जातो नाही म्हणाले, जाऊन येतो म्हणाले. आमच्याकडेही असंच म्हणतात. तुमच्या नागपुरात काय म्हणतात?"

सिद्दप्पाने एकदा विश्वासरावांकडे बघितलं, एकदा साहेबांकडे. मग कुलूप काढलं.

"सरी, अण्णा," तो म्हणाला. "होग्बन्नी."

रोज ते डावीकडे वळत. आज उमाकांतराव काठी उजवीकडे करून उभे राहिले. त्या बाजूला अलकाताई कधी गेल्या नव्हत्या.

"तिकडे काय आहे?"

उमाकांतरावांनी खांदे उडवले आणि पाय ओढत पुढे निघाले.