बुबू बेबीची राखून ठेवलेली चटई

सोमवार, ११ जुलै १९९४. सकाळपासून आग्नेयेचा वारा, गार. पहाटे तोरिकाला मुलगी झाली, दोघी सुखरूप. केलेराकडे दालोच्या कंदांची टोपली पोचवली, तिने दालो लहान आहेत म्हणून ऐकवलं. तांबड्या कोंबडीने पुन्हा टाकीखाली अंडं घातलं. दुपारी चटईला शेवटची लोकर लावून झाली.

एवढं लिहून बुबू बेबीने वही मिटली आणि पेन्सिल टोपीत खोचावी तशी केसांत खोचली. बेटावरच्या लेवुका गावातल्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी लावलेली सवय. दिवस गेला की लिहून काढायचा. नवरा गेला त्या दिवशीही तिने लिहिलं होतं.

बुबू म्हणजे आजी. आणि बेबी म्हणजे बेबीच. चौऱ्याहत्तर वर्षांची, कंबरेत किंचित वाकलेली, पांढऱ्या केसांचा मोठा टोप असलेली ही बाई साऱ्या गावाची बेबी होती. नवं कुणी बोटीतून उतरलं आणि त्याने पत्ता विचारला, तर दुकानदार गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "वर चढ, डावीकडे निळं दार, तिथे आमची बेबी राहते." माणूस खेळणं नाहीतर गोळ्या घेऊन यायचा आणि दारात आजी बघून ओशाळायचा. गोळ्या मात्र ती ठेवून घ्यायची.

त्या शब्दापासून तिला दिवसभर सुटका नसे. रेडिओवर कुणी गळा काढून "बेबी, बेबी" म्हणायला लागलं की ती चुलीपाशी बसल्या बसल्या ओ द्यायची, "ऐकतेय रे, एकदा सांगितलंस तरी कळतं!" बसचा ड्रायव्हर आपल्या खिळखिळ्या बसच्या बोनेटवर थाप मारून "चल माझी बेबी" म्हणाला, की ही आत चढता चढता म्हणायची, "चालले, पण मला मारू नकोस." मैदानावर रग्बीचा सराव घेणारा मास्तर पोरांवर खेकसला, "बेबीसारखं रडू नका!" तेव्हा कडेला उभी असलेली ही त्याला म्हणाली, "मी कधी रडले रे तुझ्यासमोर?" त्यानंतर तो मास्तर आधी मैदानाच्या चारी बाजूंना बघून घ्यायचा, मगच ओरडायचा. धक्क्यावर बसणारी टारगट पोरं येणाऱ्या-जाणाऱ्या मुलींना "ए बेबी!" करायची. एकदा ती थांबली, वळली, त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. "बोल बाळा, काय काम आहे?" पोरांना पळता भुई थोडी झाली.

नाव कुठून आलं, तेही सरळ होतं. बारशाला तिला बापाच्या आईचं नाव दिलं होतं. आईची सासू घरात जिवंत बसलेली. सासूचं नाव घेऊन पोरीला धपाटा कसा घालायचा? "अगं अमुक, नाक पूस," असं म्हटलं आणि सासूने नाकाला हात लावला तर? बाप गोऱ्यांच्या दुकानात कामाला होता, तिथल्या दुधाच्या डब्यावर एका गुबगुबीत पोराचं चित्र होतं आणि त्याखाली तो शब्द. आईने तो उचलला. सात भावंडांत ही शेवटची, म्हणून शब्द चिकटला तो चिकटलाच. शाळेत सिस्टर खरं नाव घ्यायच्या, पण त्या सिस्टरही गेल्या आणि त्या बाकांवर बसणाऱ्या मुलीही.

सगळ्यांत धाकटी असण्याचे फायदे लहानपणी संपतात. पुढे उरतात ती कामं. थोरली बहीण केलेरा ऐंशीची झाली होती, पण अजून "बेबी, पाणी आण" म्हणायची आणि बेबी आणायची. घरातलं लग्न असो, मयत असो, चटई कमी पडली की केलेरा सांगायची, "बेबीकडे आहे एक." आणि असायचीच. केवड्याची पानं उकळून, वाळवून, सालून, बारीक पट्ट्या काढून ती वर्षभर विणायची, कडेला तांबड्या-पिवळ्या-हिरव्या लोकरीची दाट झालर लावायची, कापूर घालून पेटीत ठेवायची. आणि मग कुणाचं तरी काहीतरी निघायचं.

ती चटई खरं म्हणजे कशासाठी होती, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं नव्हतंच ते. ती होती तिच्या याथासाठी.

घरात मूल जन्मलं की त्याला कुणातरी मोठ्याचं नाव द्यायचं. मग ते दोघं एकमेकांचे याथा. पाळण्यातलं पोर आणि काठी टेकणारा म्हातारा एकमेकांना "याथा" अशीच हाक मारणार, एकाच्या ताटातलं दुसरा खाणार, म्हाताऱ्याने पोराचे सगळे हट्ट पुरवायचे. केलेराच्या पाच याथा होत्या. एक ऑस्ट्रेलियात होती, ती तिला लोकरी मोजे पाठवायची आणि केलेरा ते लेवुकाच्या उन्हातही घालून चर्चला यायची. बेबीची एकही नव्हती. तिच्या नवऱ्याला, पेतेरोला, आणि तिला मूल झालं नाही, आणि पोराचं नाव बेबी कोण ठेवणार? याथा मागता येत नाही. मागायची रीतच नाही. मान आहे तो, दुसऱ्याने द्यायचा.

मंगळवारी केलेरा मोजे घालूनच आली.

"विलिकेसाचं पहिलं पोर," ती पायरीवर बसत म्हणाली. "नाव आपल्या बाजूचंच असणार. बापाकडचा हक्क."

विलिकेसा म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाचा नातू, तोरिकाचा नवरा.

"असेल," बेबी म्हणाली.

"मी म्हटलं त्याला, माझं दिलंस तरी माझी ना नाही."

"सहावी?"

"सहा झाल्या तर काय बिघडलं? माझ्यात तेवढा जीव आहे." केलेराने चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "साखर कमी आहे. तू घेऊन येतेयस ना चटई शनिवारी?"

"आणते."

"ती झालरवाली. उगीच जुनी आणू नकोस. तोरिकाच्या माहेरचे कांदावू बेटावरून येणार आहेत, ते सगळं हाताने चाचपून बघतात."

केलेरा गेल्यावर बेबीने पेटी उघडली. चटई बाहेर काढली, लोकरीवरून हात फिरवला. द्यावी की नाही, हा प्रश्न नव्हता. बाळाला बघायला रिकाम्या हातांनी कोण जातं? पण या वेळी तिच्या मनात आलं, ही गेली की पुन्हा विणायला डोळे पुरतील का? जुनी, बिनलोकरीची एक होती. ती न्यावी आणि ही ठेवावी. कशासाठी ठेवावी, ते तिने स्वतःलाही स्पष्ट विचारलं नाही.

शनिवारी सकाळी ती घरातून जुनी चटई काखेत मारून निघाली. फाटकापर्यंत गेली. मग परत फिरली. विलिकेसा दोन वर्षं तिच्याकडे राहून शाळेत गेला होता, तिच्या हातची सोजी खाऊन वाढला होता. त्याच्या पहिल्या पोरीला जुनी चटई? तिने स्वतःलाच एक कचकचीत शिवी दिली, मिशनच्या सिस्टरांनी ऐकली असती तर गुडघ्यावर बसवली असती, आणि झालरवाली घेतली.

घरासमोर बायका जमल्या होत्या. चटया, झाडाच्या सालीचं छापील कापड, साबणाच्या वड्या, कापडाचे तागे, रॉकेलचा डबा. दाराशी वाकून हाका झाल्या, आतून या-या झालं. माहेरकडची मंडळी एका भिंतीला, सासरची दुसऱ्या. मध्ये यांगोना या मानाच्या पेयाची लाकडी परात, आणि तिच्यामागे तोरिकाचा काका, बोलण्यात पटाईत म्हणून दोन्ही बाजूंच्या वतीने बोलायला बसवलेला. बेबी धाकटी म्हणून दाराजवळ बसली, चटई मांडीवर आडवी.

बाळ हातोहात फिरत होतं. प्रत्येक जण त्याच्या गालाशी नाक नेऊन वास घेत होता.

"काय पण बेबी आहे!" कांदावूची एक बाई म्हणाली.

"मी इकडे आहे," बेबी दारातून म्हणाली, आणि सगळं घर खदखदलं.

काकाने हातांची ओंजळ करून तीनदा टाळी वाजवली. घर गप्प झालं. त्याने पाहुण्यांना मान दिला, पूर्वजांना दिला, बोटीच्या इंजिनालासुद्धा दिला, कारण येताना ते दोनदाच बंद पडलं होतं. मग म्हणाला, "आणि मुलीचं नाव बापाच्या घराण्यातून घेतलेलं आहे. लोसालिनी."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. कांदावूकडचे एकमेकांकडे बघायला लागले: लोसालिनी कोण?

केलेराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "आजीचं नाव!" ती मोठ्याने म्हणाली. "आमच्या आजीचं! इतक्या वर्षांनी कुणी आठवण काढली तिची!"

बेबीच्याही मनात आजीच आली. तंबाखूचा वास, खरखरीत हात. चांगलं झालं, तिला वाटलं. आजीचं नाव राहिलं. आणि ते वाटत असतानाच छातीत काहीतरी खाली बसल्यासारखंही झालं. ती सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत राहिली.

केलेरा भिंतीला धरून उठली. "आजी नाही, तर तिच्या वतीने मीच पुढे व्हायला हवं. याथाकडची भेट द्यायला हवी. बेबी, ती चटई दे इकडे."

बेबीचे हात लोकरीवर घट्ट झाले. मग तिने चटई उचलून पुढे केली. साठ-सत्तर वर्षांची सवय होती ती.

"केलेरा बुबू, थांब," विलिकेसा म्हणाला.

तो मागच्या दाराकडून पुढे आला होता, हातांना अजून लोव्होची, जमिनीत खणलेल्या भट्टीची, राख. "ते आजीचं नाव आहे, पण मी ते आजीवरून नाही ठेवलं. मी तिला बघितलंही नाही."

"मग कुणावरून?"

"मी शाळेला या बुबूकडे होतो ना. पेतेरो आजोबा बोटीवरून उतरले, की खाली पायऱ्यांपासूनच हाक मारत यायचे. रोज. सगळ्या टेकडीला ऐकू जायची." त्याने छाती फुगवली आणि पेतेरोच्या त्या घोगऱ्या, इंजिनापाशी बसून बसून मोठ्या झालेल्या आवाजात ओरडला, "लोसालिनी! चहा टाक!"

"टाकलाय रे!" बेबी म्हणाली.

बोलून गेली ती. तोंडावर हात ठेवला, पण शब्द निघून गेले होते. घर असं हसलं की बाळ दचकून रडायला लागलं. पेतेरो परक्या बेटाचा होता; तिची आजी त्याच्या घराण्यातली नव्हती, तिचं नाव घ्यायला त्याला कशाचीच आडकाठी नव्हती. तो गेल्यापासून ती हाक कुणी मारली नव्हती. बेबी हसत होती आणि डोळे पुसत होती, आणि दोन्हीतलं काही थांबत नव्हतं.

केलेरा चटई धरून तशीच उभी होती. तिने चटईकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं.

"तुझं नाव लोसालिनी आहे, हे मी विसरलेच होते गं," ती म्हणाली.

"मीही," बेबी म्हणाली.

"मग घे ही. मला कशाला ओझं देतेस? माझे पाय दुखतात." आणि केलेराने, जिने जन्मात धाकटीला काही उचलून दिलं नव्हतं, चटई तिच्या हातात परत ठेवली. वर म्हणाली, "आणि पुढे जाऊन बस. दारात काय बसलीस कोंबडीसारखी?"

बेबी पुढे गेली. चटई पसरली, झालर पंख्यासारखी उघडली, कांदावूच्या बायकांनी लगेच हात लावून बघितली आणि माना डोलावल्या. तोरिकाने बाळ त्या चटईवर ठेवलं. बेबीने वाकून त्याच्या गालाचा वास घेतला.

"याथा," ती म्हणाली. पहिल्यांदाच म्हणत होती, म्हणून पुन्हा म्हणाली.

यांगोनाची करवंटी फिरली, लोव्होतून डुक्कर आणि नारळाच्या दुधातली अळूची पानं निघाली. जेवता जेवता तोरिकाला एकदम काहीतरी सुचलं.

"पण मी हिला हाक कशी मारायची? बुबू समोर बसलेली असताना 'लोसालिनी, गप्प बस' म्हणू?"

"मी गप्प बसेन, मला चालेल," बेबी म्हणाली.

"छे! शोभतं का ते?"

"त्यात काय एवढं," केलेरा हाड चोखत म्हणाली. "आमच्या आईने केलं तेच कर. बेबी म्हण."

सगळ्यांनी बेबीकडे बघितलं.

"ते नाव माझ्याकडे अजून चालू आहे," ती म्हणाली.

"चौऱ्याहत्तर वर्षं वापरलंस. झिजलं असेल एव्हाना."

"झिजलं नाही, मऊ झालंय." तिने बाळाकडे बघितलं. "मऊ आहे तर हिला टोचणार नाही. दोघी मिळून वापरू."

संध्याकाळी ती धक्क्यावरून एकटीच घरी निघाली. रिकाम्या हातांनी. भिंतीवर तीच टारगट पोरं बसली होती, पुढून एक मुलगी चालली होती आणि त्यातला नवा एक पोरगा सवयीने ओरडला, "ए बेबी!"

बाकीच्यांनी डोक्याला हात लावला. बुबू थांबली, वळली.

"कुठली हवी?" तिने विचारलं. "मोठी की धाकटी? आजपासून नीट सांगायचं."

घरी येऊन तिने दिवा लावला. पेटीचं झाकण उघडं राहिलं होतं ते लावलं. वही घेतली, वारा लिहिला, जेवणाला कोण कोण होतं ते लिहिलं, बाळाचं नाव पूर्ण लिहिलं. मग शेवटी: केवड्याची पानं बुधवारी कापून आणायला सांगितली. आज दोनदा चहा टाकला, एकदा पेतेरोच्या हाकेवर. चहाची पूड संपली, सोमवारी आणणे.