बाबा खांबावर आहेत

मुंबईत आम्ही मालिका लिहिणारे चार जण चहाला बसलो की कोणीतरी म्हणतंच, "तुझ्याकडे एवढे किस्से येतात कुठून रे?" मी काय सांगणार? आमच्या एसटीडी बूथवर लोक छत्र्या विसरून जायचे. मी कधी कोणाकडे छत्री मागितली नाही, तरी दोन पावसाळ्यांत कोपऱ्यात अकरा छत्र्या जमल्या. किस्से तसेच जमतात. मालक परत येत नाही आणि आपल्याला टाकवत नाही.

बूथ होता कनेरगाव नाक्यावर, हिंगोली-वाशिम रस्त्याला, दोन धाब्यांच्या मध्ये. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आमचा पत्ता परभणी जिल्ह्याचा. बाबा टेलिफोन खात्यात लाइनमन. कमरेला पट्टा, खांद्यावर तारेचं वेटोळं आणि हातात तपासणीचा फोन. खांबावर चढायचं, तारेला चिमटे लावायचे आणि एक्स्चेंजला विचारायचं, "टेस्टिंग. आवाज येऊन राहिला का?" तिकडून हो आलं की "ठीक हाये" म्हणून खाली उतरायचं. त्या सगळ्या पट्ट्यातल्या माणसांना त्यांनी बोलतं केलं, पण स्वतः फोनवर बोलले ते एवढंच. घरात तर तेवढंही नाही.

मला टीव्हीसाठी लिहायचं होतं. हे मी जेवताना सांगितलं तेव्हा माय म्हणाली, "मंग लिही की, कोण अडवलं तुला?" बाबांनी हात धुतला आणि सायकल काढली. मला त्यांचं एक वाक्य हवं होतं. हो म्हणा, नाही म्हणा, शिवी द्या, पण काहीतरी बोला. त्या एका वाक्यासाठी मी आठ-नऊ वर्षं थांबलो.

* * *

संवाद मी बूथवर शिकलो. काचेच्या केबिनमध्ये गिऱ्हाईक, बाहेर स्टुलावर मी. दार लावलं तरी सगळं ऐकू यायचं, कारण गाव जितकं लांब तितकं जोरात ओरडायचं, असा लोकांचा हिशेब होता. मी वही उघडून लिहून घ्यायचो.

एक ट्रक ड्रायव्हर होता. आठवड्यातून एकदा शेजारच्या धाब्यावर गाडी लावायचा आणि बायकोला फोन करायचा. "अगं, अकोल्याच्या पुढं हाये. टायर बसलं. आज येणं होत न्हाई. पोरगं शाळेत गेलतं का? तू जेवली का?" दहा मिनिटं इतकं गोड बोलायचा की मी लिहिता लिहिता थांबायचो.

एकदा मी विचारलं, "घर कुठं हाये तुमचं?"

"सेनगावला."

सेनगाव आमच्या नाक्यावरून तासा-दीड तासाचा रस्ता. "मंग घरी जात काहून न्हाई?"

तो उन्हात उभ्या असलेल्या ट्रककडे बघत म्हणाला, "समोर बसलं की काय बोलावं सुचत न्हाई भाऊ. फोनवर मी बरा वाटतो तिला."

हे वाक्य मी नंतर तीन मालिकांत वापरलं. तिन्ही वेळा चॅनेलनं कापलं.

* * *

पटकथा शिकवणारं आमच्याकडे कोण असणार? पुण्याचे एक सर पत्राने शिकवायचे. पहिल्याच धड्यात त्यांनी कळवलं, "पान मधोमध उभं दुमडा. डाव्या बाजूला जे दिसतं ते लिहा, उजव्या बाजूला जे ऐकू येतं ते."

मी उजवी बाजू काठोकाठ भरून पाठवली. पान लाल शेऱ्यासकट परत आलं. "संवाद चांगले आहेत. डावी बाजू कोरी का?"

मी खरं ते लिहिलं. "सर, माणसं केबिनमध्ये पाठमोरी असतात. चेहरा मला दिसत नाही."

पुढच्या पाकिटात सरांनी दुसरा धडा पाठवलाच नाही. फक्त एक कार्ड होतं. "बूथ बंद करून तासभर बाहेर फिरत जा."

* * *

टायपिंगचं काम बशीरभाईंकडे. बशीरभाई म्हणजे आमच्या गल्लीच्या पलीकडे राहणारे, बाबांचे लहानपणचे दोस्त. रोज जीपने सेनगावला जायचे आणि तहसीलसमोर टाइपरायटर मांडून अर्ज, नक्कल, प्रतिज्ञापत्रं करून द्यायचे. पस्तीस वर्षांत दुसरं काही टाइप केलं नव्हतं.

माझ्या पहिल्या एपिसोडची वही मी त्यांच्याकडे दिली. संध्याकाळी ते म्हणाले, "बेटा, काम झालं. तुझी तकलीफ वाचवली, तिथंच पाकिटात घालून वहीवरच्या मालिकावाल्यांच्या पत्त्यावर मुंबईला रजिस्टर करून टाकलं." आणि कार्बन कॉपी माझ्या हातात दिली.

मी वाचायला लागलो. "मी, खाली सही करणार, राहणार कनेरगाव नाका, जिल्हा परभणी, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, दृश्य पहिले, सकाळची वेळ. सुमनबाई भ्रतार वसंतराव, वय २६ वर्षे, धंदा घरकाम, हिने रडत सांगितले की..." असं सगळं. प्रत्येक पात्राचं वय आणि धंदा. शेवटी, "वरील मजकूर माझ्या माहिती व समजुतीप्रमाणे खरा असून त्यातील काहीही लपवून ठेवलेले नाही." खाली दोन साक्षीदारांची जागा. एकावर बशीरभाईंनी स्वतःच सही ठोकलेली.

"बशीरभाई, ही गोष्ट हाये. बनवलेली. खरी न्हाई."

ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. "मग तिथं सांगू नको. मी सही केली आहे."

दोन महिने काहीच नाही. मी मनातल्या मनात त्या एपिसोडला मूठमाती दिली होती. मग एक दिवस बूथचा फोन वाजला. बूथचा फोन कधी माझ्यासाठी वाजत नसे. सगळं गाव माझ्या फोनवरून बोलायचं, मला फोन करणारं जगात कोणी नव्हतं. म्हणून मी सवयीने विचारलं, "कोणाला बोलावू?"

तिकडे एक बाई हसत होत्या. "ते सत्यप्रतिज्ञेवर लिहून देणारे तुम्हीच का? या एकदा. आमच्याकडे ढिगाने एपिसोड येतात, पण सगळं खरं आहे म्हणून आजवर कोणी लिहून दिलं नव्हतं."

* * *

त्या मधुराताई. मालिकेच्या कथेचं सगळं त्या बघायच्या. दोन गाड्या बदलून मी त्यांच्या ऑफिसात पोहोचलो. मी सोबत नेलेले धरून त्यांनी माझे चार एपिसोड वाचले, पेन्सिल कानामागे खोचली आणि म्हणाल्या, "मिलिंद, तुमच्या नवरा-बायकोचं भांडण फोनवर. मायलेकींची भेट फोनवर. दवाखान्यात शेजारी शेजारी खाटांवर दोन भाऊ आहेत, तेही फोनवर. तुमच्याकडे माणसं समोरासमोर बसत नाहीत का?"

मी आठवून पाहिलं. आमच्या घरचं जेवण आठवलं.

"बसतात," म्हटलं, "पण बोलत नाहीत."

त्यांनी पेन्सिल काढून ठेवली आणि मला चहा सांगितला. नोकरी त्याच दिवशी लागली. पण अट घातली की महिनाभर एकाही सीनमध्ये फोन वाजता कामा नये. तो महिना मला व्यसन सोडलेल्या माणसासारखा गेला.

* * *

मुंबईत मला एक खोली मिळाली. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची. दिवसभर दहा माणसांच्या कुटुंबाचे संवाद लिहायचे, आणि भाजीवाल्याशी "पाव किलो" एवढंच बोलायचं. मोठ्या कुटुंबाच्या मालिका एकटी माणसं लिहितात, हे मला तिथे कळलं. घर सोडून आलेल्यालाच घरातल्या गर्दीची एवढी हौस असते.

दर रविवारी मी बूथवर फोन करायचो. बूथ आता बशीरभाई सांभाळत होते, टाइपरायटरसकट. ते मायला बोलावून आणायचे. माय आधी सगळ्या गल्लीचं सांगायची. मग मी विचारायचो, "बाबा?"

"ते खांबावर हाये."

"रविवारी?"

"तारेला काय रविवार असते व्हय?"

पुढच्या रविवारी खांबावर. त्याच्या पुढच्या रविवारी खांबावर. आमच्या भागात तेवढे खांब होते की नाही याचीच मला शंका यायला लागली.

* * *

एकदा मालिकेत एसटीडी बूथ हवा होता. सेटवाल्यांनी मला बोलावलं, आणि मी सांगितलं तसा हुबेहूब उभा केला. काच, स्टूल, कोपऱ्यात छत्र्यासुद्धा. मी जरा स्टुलावर बसून पाहिलं. इतक्या महिन्यांनी कुठेतरी बसल्यासारखं वाटलं. उठावंसं वाटेना.

तेवढ्यात शूटिंग सुरू झालं. मला गर्दीतला माणूस समजून कोणीतरी ओरडलं, "स्टुलावरचे काका, हलू नका." मी दोन तास हललो नाही. कॅमेरा माझ्या मागे होता.

एपिसोड लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी बशीरभाईंचा फोन. "बेटा, काल टीव्हीत तू होता ना?"

"पाठमोरा होतो. तुम्ही कसं वळखलं?"

"मी कुठं वळखलं? तुझे बाबा उभ्या उभ्या म्हणाले, हे आमचं हाये. आणि निघून गेले."

"बाबा टीव्ही पाहतात?"

"न्हाई न्हाई," बशीरभाई घाईने म्हणाले, "ते बूथवर तार पाहायला आले होते."

* * *

मग नाव आलं. मालिका संध्याकाळी साडेसातची, आणि शेवटी एका कोपऱ्यातून नावं वर सरकायची. संवाद म्हणून माझं नाव पहिल्यांदा येणार, हे मी आठ दिवस आधी कळवलं होतं. त्या आठवड्यात रोज त्याच वेळेला लाइट जायची, नेमकी त्या दिवशी राहिली. बूथवर ठेवलेल्या बशीरभाईंच्या टीव्हीसमोर आमचा सगळा बौद्धवाडा आणि त्यांची सगळी गल्ली जमली होती.

मी आठ वाजता फोन केला. "माय, नाव पाहिलं का?"

"पाहिलं की. बशीरभाऊंनं बोट दाखवलं, हे तुमच्या मिलिंदाचं. मी हात लावाले उठले, तवर गेलं." मग म्हणाली, "इतकं पळवत काहून आणते रे?"

मला हसू आलं. मी विचारलं, "बाबा होते का?"

"ते खांबावर."

त्यानंतरच्या वर्षी बाबा रिटायर झाले. खात्याने शाल, नारळ आणि घड्याळ दिलं. पुढच्या रविवारी मी विचारलं, "बाबा?" आणि माय म्हणाली, "खांबावर हाये."

"माय, पट्टा जमा करून आले ना ते? आता कोणता खांब?"

ती मग म्हणाली, "सवय पडली रे सांगायची. ते इथंच बसेल हाये. फोन घ्या म्हणलं तर हात मांग घेतात."

* * *

आणि हा शेवटचा किस्सा. हा मी चहाच्या वेळी फारसा सांगत नाही.

मालिका एका सोमवारी बंद झाली. मालिका अशाच बंद होतात. शुक्रवारी तुम्ही नायिकेचं डोहाळजेवण लिहीत असता आणि सोमवारी त्या वेळेला दुसरंच काहीतरी लागतं. मधुराताई दुसऱ्या कंपनीत गेल्या. ज्यांच्याशी दिवसातून पन्नास वेळा बोलायचो त्यातल्या एकाचाही फोन येईना. गावी मी काहीच कळवलं नाही. काय कळवणार? रविवारचा फोनही चुकवला. मोबाईल उशाशी ठेवून भिंतीकडे बघत पडून राहायचो. कधी कधी मोबाईल बंद तर पडला नाही ना, म्हणून उचलून बघायचो.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी तो वाजला. साडेसात वाजले होते, आमच्या मालिकेची वेळ. नंबर आमच्या बूथचा.

"टेस्टिंग," पलीकडून आवाज आला. "आवाज येऊन राहिला का?"

मी उठून बसलो. "येतो."

"बराबर येतो?"

"बराबर येतो, बाबा."

"ठीक हाये." फोन बंद.

दुसऱ्या दिवशी साडेसातला पुन्हा. टेस्टिंग, आवाज येऊन राहिला का, बराबर येतो का, ठीक हाये. तिसऱ्या दिवशी मी सातपासूनच मोबाईल हातात घेऊन बसलो. चौथ्या दिवशी सकाळी दाढी केली, खाली जाऊन नव्या कामासाठी दोन ठिकाणी भेटून आलो, आणि सातच्या आत खोलीवर परतलो.

पाचव्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. "आवाज येऊन राहिला का?" झाल्यावर मी म्हटलं, "बाबा, तुमी तर रिटायर झाले. आन् हा मोबाईल हाये. याला तार नसते. मंग तुमी रोज काय तपासून राहिले?"

पलीकडे बशीरभाईंचा टाइपरायटर खडखडत होता. तो थांबला. नाक्यावरून एक ट्रक गेल्याचं ऐकू आलं.

"मी खांबावर हाये," बाबा म्हणाले. "उद्या पुन्हा पाहतो."