मिस लीने रक्त ओकलं

हसू नका म्हणून काही उपयोग नाही, तेव्हा चहाचे कप तेवढे खाली ठेवा. असला गाढवपणा माझ्याशिवाय कोणाला जमायचा नाही!

दोन हजार चार-पाचचा सुमार. मिरकरवाडा बंदरावर कासमभाईंच्या मासळी एक्स्पोर्टच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरवर बसायचो. चीनचं नवं गिऱ्हाईक लागलं होतं. माकुळाचं, म्हणजे स्क्विडचं, सॅम्पल बर्फात घालून विमानाने रवाना झालं, चार दिवसांनी मालाचा फोटो मी ईमेलने पाठवला. पसंत पडलं की पहिला कंटेनर!

दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडची मिस ली चॅटवर आली. इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं. लिहिते काय? "मी बेशुद्ध पडले."

मी घाईघाईने टाइप केलं, "काय झालं?"

"साहेबपण बेशुद्ध. सगळं ऑफिस आडवं."

आणि मग, "मी रक्त ओकले!!!"

तेवढ्यात नेट गेलं. आता बेशुद्ध बाई टाइप कशी करते, हा प्रश्न तुम्हाला पडला. मला पडला का? छे!

धावत धक्क्यावर गेलो. "भाई, घात झाला! आपलं माकुळ खाऊन चीनमध्ये माणसं रक्त ओकतायत!"

"काय बडबडतोस मेल्या? ताजा माल होता!"

"नाही हो भाई! तो बॉक्स दोन तास उन्हात राहिला. मी... मी मॅच बघत होतो."

भाई पांढरेफटक. कंटेनरची तयारी थांबवली. मला ओढत ऑफिसात आणलं आणि थेट चीनला फोन लावला.

फोनवर मिस ली. ठणठणीत! वर खिदळतेय!

"सॅम्पल? ते तर अजून कस्टममध्येच अडकलंय."

"मग रक्त कसलं ओकलात?" भाई ओरडले.

तेव्हा कळलं. तिकडची पोरं चॅटवर थक्क झाली की 'बेशुद्ध पडलो' लिहितात, आणि अगदीच हद्द झाली की 'रक्त ओकलो'. सगळी बोलायची पद्धत!

"पण हद्द कशाने झाली?" भाईंनी विचारलं.

"तुमच्या फोटोने!"

नेट परत आलं होतं. मी पाठवलेला ईमेल उघडला. माकुळाच्या जागी मी! लग्न जमवण्यासाठी काढलेला, भावाचा कोट घातलेला फोटो. आणि खाली माझ्याच हातची ओळ : 'ताजा माल. डोकं काढून साफ केलेला.'

आता तर मीच बेशुद्ध पडायचा बाकी होतो!

भाईंनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"माल ताजा नाही," ते शांतपणे म्हणाले, "पण डोकं काढलंय, हे खरं लिहिलंस!"