मारुतीच्या गळ्यात फुलपाखरांच्या अळ्या

मारुतीच्या माळेत वळवळणाऱ्या अळ्या कधी पाहिल्यात का हो? घोडपदेवच्या सुचित्राताईंनी शनिवारी देवळात पाहिल्या. माहीमच्या खाडीकाठच्या राखीव रानात वर्षभर दर रविवारी फुकट राबून, घाणेरीचं माजलेलं तण उपटून त्यांनी फुलपाखरांच्या अळ्यांना खायला रुई लावली होती. माळ घालत होता त्यांचाच दीर, दीपक.

“कुठून तोडलीस रे?”

“तुमच्याच रानातून, वहिनी! घरची रुई असताना बाजारात कशाला जायचं?”

“सगळी?”

“एक पान ठेवलं नाही!” तो ऐटीत म्हणाला.

अळ्या ताईंनी ओंजळीत घेतल्या, पण सोडणार कुठे? रानातल्या रुईवर पानच उरलं नव्हतं.

माळ खुशाल घाला, पण रुईचं पान तोडण्याआधी उलटून बघा. अळी दिसली, तर हात मागे घ्या.