चार हिरवे दिवे

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी जुन्या व्हॅनला गॅस बसवला खरा, पण टाकीत गॅस किती उरलाय ते दाखवणाऱ्या, स्विचवरच्या चार हिरव्या दिव्यांशी त्यांचं कधी पटलं नाही. टाकी तळाला गेली तरी दिवे आपले चारही पेटलेले. एकदा गाडी भर चढावर गचके खात बंद पडली. पेट्रोलवर घ्यावी, तर गॅसच्या गाडीत पेट्रोल कशाला म्हणून तेही भरलेलं नव्हतं. तेव्हापासून मिस्त्रींनी दिव्यांचं नावच टाकलं. काम आटोपलं की ते मागचं दार उघडून टाकीवरून तळहात सावकाश खाली न्यायचे. गार लागायला लागलं की तिथून खाली गॅस.

बायको म्हणायची, "माझ्या कपाळाला कधी इतक्या मायेनं हात लावला नाहीत."

परवा ते घरी आले आणि न जेवताच खुर्चीत बसून राहिले.

"काय होतंय?" बायकोनं विचारलं.

"कुठं काय? ठणठणीत आहे मी."

तिनं ओला हात पुसून त्यांच्या कपाळावर ठेवला. कपाळ चांगलंच तापलं होतं.

"तुमचेही चारही दिवे कायम हिरवेच," ती म्हणाली. "म्हणून मी बघतच नाही त्यांच्याकडे."